डिझेल पिकअपने ट्रेलर ओढायचाय? ट्यूनरला फोन करण्याआधी हे वाचा

मे संपत आला होता. १ जूनपासून मासेमारीबंदी, म्हणून सगळ्यांच्या होड्या वर घ्यायची गडबड चाललेली. आमची अठरा फुटी फायबर होडी मी ट्रेलरवर चढवली, ट्रेलर पिकअपला जोडला आणि बंदराच्या उतारावरून वर निघालो. अर्ध्यात गाडी अडली. आरपीएम वाढतायत, गाडी हलत नाही, केबिनमध्ये जळक्या क्लचचा वास, मागच्या चाकांखाली शेवाळ. काका काठावरून म्हणाले, "चार माणसं लावली असती तर एव्हाना घरी जेवत असतो."

त्या रात्रीच मी ठरवलं की गाडीत पॉवर कमी आहे आणि ती ट्यूनरकडून, म्हणजे इंजिनात फेरफार करून पॉवर वाढवणाऱ्याकडून, वाढवून घ्यायची. पुढची दीड वर्षं आणि बराच पैसा त्या एका समजुतीपायी गेला. गाडीत पॉवर कमी नव्हतीच. बाकी बऱ्याच गोष्टी कमी होत्या, आणि त्यांतली पहिली म्हणजे माझी अक्कल.

माझी गाडी २०१७ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २.५ लिटर, कागदावर १३४ हॉर्सपॉवर आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर). तुमच्याकडे झेनॉन असेल, गेटअवे असेल, कॅम्पर असेल नाहीतर नवी हायलक्स असेल. आकडे बदलतील, कामाचा क्रम हाच राहील. मी हा क्रम उलटा केला होता.

१. आधी वजन करा. अंदाज नको, काट्यावर करा.

"होडी असेल तीनशे-चारशे किलो" असं मी सगळ्यांना सांगायचो. तुर्भ्याच्या वजनकाट्यावर होडी, तिचं मशीन (इंजिन), पेट्रोलची टाकी, नांगर, जाळी आणि ट्रेलर असं सगळं मिळून ९८० किलो निघालं. पिकअप डिझेल भरून, आम्ही दोघं बसलेलो, २,०९० किलो. म्हणजे एकूण ३,०७० किलो. काट्याची पावती जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीला लागते.

आता गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची मर्यादा बघा. ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात. पुस्तिकेत आकडा नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. गॅरेजवाल्याचं "अहो, ही गाडी हत्ती ओढेल" लेखी मिळत नाही.

मग थोडं गणित. सहा टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर. असा चढ ३,०७० किलोनिशी ताशी ४० किलोमीटरने चढायला चाकांपाशी साधारण ३५ हॉर्सपॉवर लागते. ताशी ६० ने चढायचं असेल तर ५५च्या आसपास. यात टायरचं घर्षण आणि वारा धरलेला आहे. इंजिनात आहेत १३४. मग गाडी दमते का?

कारण ती १३४ हॉर्सपॉवर ३,६०० आरपीएमला मिळते आणि आपण डिझेल गाडी चालवतो १,८०० वर. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणा, ९,५४९ ने भागा, किलोवॅट येतात. ३२० न्यूटन-मीटर १,८०० आरपीएमला म्हणजे ६० किलोवॅट, म्हणजे ८२ हॉर्सपॉवर. तोच टॉर्क २,५०० ला म्हणजे ११४. एक गिअर खाली टाकला की ३२ घोडे फुकट. पॉवर वाढवणाऱ्या कुठल्याही ट्यूनिंग बॉक्सपेक्षा स्वस्त.

आणि बंदराच्या त्या उतारावर? तिथे ४एल लावायचं असतं, म्हणजे लो रेंज: चारही चाकांना जोर, वेग कमी, ताकद जास्त. नॉब गिअरच्या मागेच होता. मी तो तोवर एकदाच फिरवला होता, शोरूममध्ये.

२. कायदा आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात महाग चूक मी इथेच केली.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या आणि उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द पुन्हा वाचा. पुढे मोठा लोखंडी बुलबार लावून मागे ट्रेलर ओढणाऱ्यांनी तर दोनदा वाचावेत. बुलबारवर कारवाई करा असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं आहे.

ट्रेलर हे कायद्याच्या नजरेत स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी होते, त्याला स्वतःचा नंबर मिळतो. तो नंबर ट्रेलरच्या बाजूला लिहायचा, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे.

माझा पहिला ट्रेलर एका फॅब्रिकेटरने बनवून दिला. वेल्डिंग सुरेख, रंग सुरेख, बिल कच्चं. आरटीओत गेलो तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: "याचं टाइप अप्रूव्हल कुठंय?" नव्हतं. त्या ट्रेलरवर आता आमच्या अंगणात जाळी वाळतात.

तेव्हा ट्रेलर घेताना आधी टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलच्या मान्यतेचं प्रमाणपत्र, बघायला मागा. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था ते देतात. विक्रेता "नंतर करून देतो" म्हणाला तर चहा प्या आणि घरी या.

ट्रेलरच्या नोंदणीसाठी साधारण हे लागतं:

- फॉर्म २०, नोंदणीचा अर्ज
- फॉर्म २१, विक्रीचं प्रमाणपत्र
- फॉर्म २२, उत्पादकाचं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र
- टाइप अप्रूव्हलची प्रत आणि पक्कं जीएसटी बिल
- ट्रेलरचा विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन
- चॅसी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा (नंबर ट्रेलरवर कोरलेला हवा, स्टिकर चालत नाही)

काम तुमच्या पत्त्याच्या आरटीओतच करा; मुंबईत असाल तर ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली. ट्रेलर खाजगी वापराचा की भाड्याचा हे अर्जातच स्पष्ट लिहा. भाड्याने ओढणार असाल तर पिवळी पाटी, फिटनेस असा सगळा वेगळा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर मी गेलेलो नाही.

विमा कंपनीला ट्रेलरबद्दल आणि हुकबद्दल ईमेलने कळवा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसू नका. न कळवलेला बदल हे दावा नाकारायचं आयतं कारण असतं.

३. हरवलेली पॉवर परत मिळवा

हा सगळ्यात मोठा टप्पा. बहुतेकांची गरज इथेच भागते.

लाखभर किलोमीटर पळालेली डिझेल गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाची पॉवर देत नाही. ती हळूहळू गळते, म्हणून कळत नाही. माझ्या गाडीत ती चार ठिकाणी गळत होती.

*टर्बोचे पाइप.* टर्बोपासून (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे जाड रबरी पाइप वयानुसार तडकतात, क्लिप ढिल्या होतात. क्लिपच्या आजूबाजूला काळा तेलकट डाग दिसला की तिथून हवा सुटतेय असं समजा. माझ्या गाडीत खालच्या पाइपाला बोटभर चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची, दाब आला की उघडायची. मिस्त्रींनी पाइपात कमी दाबाची हवा सोडून वरून साबणाचं पाणी शिंपडलं, तेव्हा बुडबुडे दिसले. एवढ्याने चढावरचा अर्धा काळा धूर गेला.

*इंजेक्टर.* आपल्याकडे सगळे नोझलच म्हणतात. यांची घरबसल्या समजणारी चाचणी म्हणजे रिटर्नची चाचणी. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन दोनेक मिनिटं चालवायचं आणि पातळी बघायची. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या पाहिजेत. माझी तीन नंबरची बाकीच्यांच्या दुपटीने भरली. तो इंजेक्टर आतून झिजला होता, डिझेल जाळण्याऐवजी परत पाठवत होता. चारही काढून पंप-नोझलच्या दुकानात बेंचवर तपासून घ्या. आणि नव्या किंवा दुरुस्त इंजेक्टरवरचा कोड ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरायला सांगा. तो भरल्याशिवाय इंजिन खडखडतं, आणि मग लोक "दुरुस्ती केल्यावर बिघडली" म्हणतात.

*हवा आत येण्याचा रस्ता.* एअर फिल्टर बदला. तेल लावलेले कॉटनचे "परफॉर्मन्स" फिल्टर घेऊ नका. जास्तीचं तेल उडून पुढच्या एअरफ्लो सेन्सरवर बसतं, सेन्सर चुकीचं मोजतो आणि पॉवर वाढायच्या जागी घटते. इनटेक मॅनिफोल्ड उघडून बघा. ईजीआरमधून (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) येणारी काजळी आणि तेलाची वाफ मिळून आत डांबरासारखा थर जमतो. मुंबईची रखडत चालणारी गाडी म्हणजे या थराला खुराकच. साफ करून घ्या. ईजीआर बंद करून टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. तो प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे.

*डिझेल.* फिल्टर बदला आणि पावसाळ्यात वॉटर सेपरेटरमधलं पाणी नियमित सोडा. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी व्यवस्था) पंपाला आणि इंजेक्टरला डिझेलच वंगण पुरवतं. पाणी गेलं तर दुरुस्तीचं बिल बघून तुम्हीच काळा धूर सोडाल.

स्वस्त सेन्सर आणि जुने पाइप कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात, हे खरं. पाइप आणि सेन्सर तिथून घेऊ नका. टेललाइट आणि आरसे खुशाल घ्या.

एवढं झाल्यावर गाडी एक महिना चालवा. मी चालवली असती तर पुढचा ट्यूनिंगचा टप्पा मी केलाच नसता.

४. थंडावा आणि क्लच

रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्या फटींत चिखल, किडे आणि प्लास्टिकचे तुकडे अडकतात. बाहेरून चकाचक दिसतं, दोन जाळ्यांच्या मधे गोधडी. कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

कूलंट कंपनीने सांगितलेलाच घाला, नळाचं पाणी नको. रेडिएटरचा विस्कस फॅन गरम इंजिनावर जोरात आवाज करत फिरतोय का ते ऐका. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल बदला. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला पुस्तिकेत "खडतर वापर" म्हणून जो वेगळा तक्ता असतो, तो आजपासून तुमचा.

क्लच एकदा जळल्याचा वास आला असेल तर प्लेट बघून घ्या. टॉर्क वाढवला की सगळ्यात आधी घसरतो तो क्लचच.

५. ट्यूनिंग: करायचंच असेल तर

आधी सरळ सांगतो. इंजिनाची पॉवर वाढवणं वर सांगितलेल्या कलम ५२च्या तडाख्यात येऊ शकतं, वॉरंटी असेल तर ती जाते, आणि विम्याचा प्रश्न उभा राहतो. बीएस-६ गाडी, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, असेल तर या भानगडीत पडूच नका. त्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो आणि जास्तीच्या डिझेलची काजळी त्यातच जमते. "डीपीएफ काढून टाकू" म्हणणाऱ्या ट्यूनरच्या दुकानातून सरळ बाहेर या.

तरी लोक करतात, मीही केलं, म्हणून आत काय होतं ते कळलेलं बरं.

ट्यूनिंग बॉक्स ही एक लबाडी आहे. तो रेल प्रेशरच्या सेन्सरची वायर मधेच पकडतो आणि ईसीयूला खोटं सांगतो की दाब कमी आहे. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं. टर्बो त्या मानाने जास्त हवा देत नाही, कारण त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. जास्त डिझेल, तेवढीच हवा, म्हणजे काळा धूर आणि तापलेला एक्झॉस्ट. माझा बॉक्स मी पाच महिन्यांत काढला. बीएस-४ डिझेलला पीयूसीत धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. मशीनवर माझा आकडा बघून पीयूसीवाला म्हणाला, "साहेब, सिग्नलला मागचा माणूस शिव्या देत असेल." पीयूसी नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो.

रिमॅपमध्ये ईसीयूतले तक्तेच बदलतात: डिझेल किती, कधी, टर्बोचा दाब किती. चांगल्या माणसाने केला तर धूर वाढत नाही. चांगला माणूस ओळखायचा कसा? तो आधी गाडी चालवून डेटा घेतो, इंजेक्टरचा रिपोर्ट मागतो आणि तुम्ही काय ओढता ते विचारतो. जो फोनवरच "४० हॉर्सपॉवर वाढवून देतो" म्हणतो, त्याच्याकडे एकच फाइल असते आणि ती सगळ्या गाड्यांत तीच जाते. मूळ फाइलची प्रत तुमच्या पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओढण्यासाठीचा रिमॅप शर्यतीच्या रिमॅपपेक्षा वेगळा असतो. तळाला, १,५०० आरपीएमला टॉर्कचा डोंगर नको. त्याने क्लच आणि गिअरबॉक्स मार खातात आणि इंजिन गुदमरत ओढतं. मधल्या भागात थोडीशी वाढ पुरे.

आणि ट्यूनिंग करणार असाल तर एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर *आधी* बसवा, त्याची सळई टर्बोच्या अलीकडे. ट्रेलर ओढताना चढावर आकडा ७०० अंशांच्या वर टिकून राहायला लागला की अॅक्सिलरेटर सोडा आणि गिअर खाली टाका. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन टिकतो तो खालून तेलाचा फवारा त्याला थंड ठेवतो म्हणून. ही उधारीची व्यवस्था आहे, ताणू नका.

ट्यूनिंग न करणाऱ्यांनीही एक ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनाचे आकडे मोबाईलला पाठवणारं छोटं यंत्र) घ्या आणि मोबाईलवर कूलंटचं तापमान बघा. डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम मधोमध थांबेल असा बनवलेला असतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

६. हुक आणि वायरिंग

हुक कंपनीची मान्यताप्राप्त ॲक्सेसरी म्हणून मिळत असेल तर तोच घ्या, बिलासकट. तो चॅसीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने बसला पाहिजे. बंपरला वेल्ड केलेला हुक म्हणजे शोभेची वस्तू.

एक बारीक सापळा: हुकच्या टोकाचे बॉल दोन मापांचे मिळतात, ५० मिलिमीटर आणि दोन इंच. दोन इंच म्हणजे ५०.८. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण दोन इंची कपलर (ट्रेलरची बॉलवर बसणारी वाटी) ५० मिलिमीटरच्या बॉलवर ढिला बसतो आणि एखाद्या स्पीडब्रेकरवर उचकटून निघतो. मापं दोन्हींवर कोरलेली असतात, जुळवून घ्या. सुरक्षेच्या दोन साखळ्या कपलरखाली एकमेकींना *छेदून* लावा. कपलर सुटलाच तर ड्रॉबार (ट्रेलरचा पुढचा दांडा) त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

सात पिनांच्या सॉकेटमध्ये रंग असे असतात: पिवळा डावा इंडिकेटर, हिरवा उजवा, लाल ब्रेक, काळा डावा टेललाइट, तपकिरी उजवा, निळा मागचा फॉगलाइट, पांढरा अर्थ (अर्थिंग). खाऱ्या हवेत सगळ्यात आधी पांढरी वायर सडते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद उजळायला लागले, म्हणजे सगळं एकमेकांत मिसळायला लागलं, की बल्ब बदलत बसू नका. अर्थ तपासा.

७. ट्रेलर: ब्रेक, तोल आणि खारं पाणी

आपल्याकडच्या वर्गवारीत ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी१, त्यावर साडेतीन टनांपर्यंत टी२. एकूण वजन ७५० किलोच्या वर जात असेल तर ब्रेक नसलेला ट्रेलर घेऊ नका, कुणी कितीही स्वस्त दिला तरी. माझ्या हिशेबात ट्रेलर लागल्यावर थांबवायची ऊर्जा जवळपास दीडपट होते आणि गाडीचे ब्रेक तेवढेच राहतात. ओव्हररन ब्रेक साधा असतो: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलर आत दबतो, तार खेचली जाते, ब्रेक लागतात. तार गंजून अडकली तर यातलं काहीच होत नाही, म्हणून प्रत्येक फेरीआधी हाताने ओढून बघा. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) गाडीला लावायला विसरू नका.

आता तोल. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार बॉलवर हवा. माझ्या ९८० किलोंचे साधारण ९८. पहिल्यांदा मोजला तेव्हा निघाला ३० किलो. कारण सोपं: मशीन होडीच्या मागच्या टोकाला, आम्ही बर्फाची पेटीही मागेच ठेवलेली. बॉल हलका असला की ट्रेलर ताशी ६०-७० ला शेपूट हलवायला लागतो. वाशीच्या खाडीपुलावर आडव्या वाऱ्यात मी तो नाच पाहिलाय. असं झालं तर ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा.

मोजायला घरातला वजनकाटा चालतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना दगड, काट्यावर फळी, फळीवर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर कपलर, गाडीच्या बॉलच्याच उंचीवर. आईचा काटा होता, फळी न ठेवता केलं म्हणून काच तडकली. माझा इलाज असा: ट्रेलरच्या ॲक्सलचे यू-बोल्ट सोडून ॲक्सल मागे सरकवला, पेटी पुढे आणली. भार ९५ झाला. हा भार गाडीच्या डिक्कीतल्या सामानातून वजा धरा, तोही गाडीच्याच अंगावर येतो.

खारं पाणी. लांबून आलेल्या ट्रेलरच्या चाकांचे हब (मधला बेअरिंगचा भाग) गरम असतात. तसेच पाण्यात घातले की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून समुद्राचं पाणी आत ओढलं जातं. बेअरिंग महिन्याभरात खलास. म्हणून बंदरावर पोचल्यावर अर्धा तास थांबा, हब हाताला गार लागू द्या. बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने ब्रेक ड्रम, स्प्रिंग आणि हब धुवा. ग्रीस मरीनच वापरा. टायरवर आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का असतो, तो बघा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभे राहून मरतात.

होडी उतरवायचा दिवस निवडताना उधाण-भांग (मोठ्या आणि लहान भरती-ओहोटीचे दिवस) बघा. उधाणाच्या ओहोटीला पाणी फार खाली जातं आणि उताराचा शेवाळी भाग उघडा पडतो. चाकं तिथेच घसरतात. जमेल तेवढ्या भरतीला काम उरका. पाण्याकडे जाण्याआधीच ४एल लावा. गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये.

८. पहिली फेरी

रिव्हर्स आधी रिकाम्या मैदानात शिका, बंदरावर नको. तिथे सल्ला देणारे फार असतात. हात स्टिअरिंगच्या *तळाशी* धरा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात न्या. एवढंच गुपित आहे, पण माझे दोन रविवार गेले.

आमची पहिली नीट फेरी वर्सोव्याहून अलिबागकडे झाली. रिमॅप काढून मूळ फाइल परत टाकलेली, म्हणजे इंजिन पुन्हा कंपनीच्याच १३४ वर. पहाटे साडेचारला निघालो, पनवेलपर्यंत ट्रॅफिक नाही. वेग साठच्या वर नेला नाही. कार्ले खिंडीत चढ लागायच्या *आधीच* गिअर खाली घेतला, आरपीएम २,५०० वर, आणि गाडी कुरकुर न करता वर गेली. कूलंट ९४ अंश. उतरताना तोच गिअर ठेवला, ब्रेकवर पाय जवळपास नाहीच. काका सगळा वेळ मागे वळून होडीकडे बघत होते.

पहिल्या थांब्यावर, म्हणजे आमच्यासाठी वडखळला, चहा सांगून खाली उतरा. चहा येईपर्यंत दोन्ही हबना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर ब्रेक घासतोय नाहीतर बेअरिंग ओरडतंय. दिवे, साखळ्या, होडीचे पट्टे बघा. घरी परतल्यावर, शंभरेक किलोमीटर झाले की, हुकचे सगळे बोल्ट आणि ट्रेलरच्या चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. माझ्या हुकचा एक बोल्ट त्या पहिल्या फेरीनंतर अर्धा आटा फिरला होता.